चातुर्मासाचा नेम धरतात तसं स्वतःला सुधारायचं, एकावेळी एकच आणि तारखेसकट

माझी आजी वाईला राहायची आणि दर वर्षी आषाढी एकादशीला ती चातुर्मासाचा एक नेम धरायची. एकच. एका वर्षी जेवताना बोलायचं नाही, एका वर्षी रोज दारात गोपद्मं काढायची, आणि एका वर्षी तर तिने लक्ष वाती वळल्या. एक लाख वाती! मी तेव्हा चौथीत होते आणि मला वाटलं होतं की हे काही होत नाही. पण चातुर्मास म्हणजे साधारण चार महिने, ११८-१२० दिवस, भागाकार केला तर दिवसाला साडेआठशेच्या आसपास वाती येतात, आणि आजी दुपारचा चहा झाला की ओसरीवर बसून बोटांना भस्म लावून कापूस वळायला घ्यायची, शंभर झाल्या की दोऱ्याने बांधून डब्यात टाकायची, परत पुढच्या शंभर, आठ-साडेआठ जुड्या झाल्या की उठायची. हातात अजून वेळ असला तरी त्या दिवशी पुढे वळायची नाही, उद्याच्या उद्या म्हणायची. कार्तिकी एकादशीला डबे भरलेले होते.

हे सगळं मला परत आठवलं ते खूप उशिरा, २०२३ मध्ये. त्या जानेवारीत मी डायरीच्या पहिल्या पानावर अकरा संकल्प लिहिले होते, वजन, इंग्लिश, वाचन, सेव्हिंग, लवकर उठणं, राग कमी करणं असं सगळं एकदम, आणि पाडवा येईपर्यंत त्यातलं एकही चालू नव्हतं. जूनमध्ये आषाढी आली तेव्हा सासूबाई कांदेनवमीची भजी तळता तळता सहज म्हणाल्या की यंदा अधिक श्रावण आहे, म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा. आणि मला आजीच्या वातींचा डबा डोळ्यासमोर आला. मी ठरवलं की अकरा नकोत, आजीसारखा एक नेम धरायचा आणि तो कार्तिकीपर्यंत न्यायचा. त्यानंतर आजपर्यंत मी सहा नेम धरले, त्यातले चार टिकले, दोन सुटले, आणि ते का टिकले का सुटले हे आता मला बऱ्यापैकी कळतं, म्हणून हे लिहितेय. ज्यांना स्वतःत काहीतरी बदल करायचाय पण दरवेळी पंधरा दिवसांत सगळं बारगळतं त्यांना याचा नक्की उपयोग होईल.

आधी शब्दाबद्दल एक सांगते कारण मला तो फार आवडतो. नेम धरणं म्हणजे व्रत घेणं आणि नेम धरणं म्हणजे निशाणा साधणं, आपल्या मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे. कॅरम खेळताना आपण एकावेळी एकाच सोंगटीवर नेम धरतो, बोर्डावर कितीही सोंगट्या असल्या तरी. बस, तसंच करायचंय.

आता पहिलं काम, काय सुधारायचं ते ठरवणं. यात मी सगळ्यात मोठी चूक करत आले होते ती म्हणजे यादी एकटीने बसून करायची. आपण एकटे बसलो की आपल्याला तेच दोष दिसतात जे आरशात दिसतात किंवा ऑफिसात दिसतात, वजन, इंग्लिश, वगैरे. घरातल्यांना रोज ज्याचा त्रास होतो ते आपल्या यादीत येतच नाही. म्हणून एका माणसाला विचारा, जो तुमच्याबरोबर राहतो आणि ज्याला तुमच्याशी खोटं बोलायची गरज वाटत नाही. मी माझ्या मुलाला विचारलं, तो तेव्हा सहावीत होता, आम्ही दोघं वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. माझ्यातलं काय बदललं तर तुला बरं वाटेल रे? तो बराच वेळ काही बोलला नाही, मग मोज्यांच्या जोड्या लावत म्हणाला, "आई, तू घरी येतेस ना, तेव्हा आल्या आल्या विचारत सुटतेस."

मला ते लागलं, खोटं कशाला सांगू. पण अकरा संकल्पांत ही गोष्ट कुठेच नव्हती.

बेंजामिन फ्रँकलिनचं पण असंच झालं होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक तो, त्याने तरुणपणी स्वतःला सुधारायला गुणांची यादी केली होती, संयम, मितभाषीपणा, टापटीप, काटकसर असे बारा गुण. ती यादी त्याने एका क्वेकर पंथाच्या मित्राला दाखवली तर मित्र म्हणाला की अरे, लोक तुला गर्विष्ठ समजतात. मग त्याने तेरावा गुण घातला, नम्रता. स्वतःच्या हिशोबाने त्याची यादी पूर्ण होती, मित्र बोलला म्हणून तेरावा आला. आणि त्याची पद्धत पण बघण्यासारखी आहे, तेरा गुण एकदम नाही, एका आठवड्याला एकाच गुणावर सगळं लक्ष, तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. मला मात्र एक आठवडा कमी वाटतो, ते पुढे सांगते.

दुसरं काम, गुणाचं रूपांतर कृतीत करायचं. इथे जरा थांबून वाचा कारण माझ्या मते सगळं यश-अपयश इथेच ठरतं. "मी शांत राहीन" हा नेम होऊ शकत नाही. रात्री झोपताना स्वतःला विचारलं की आज शांत राहिले का, तर उत्तर काय येणार, बऱ्यापैकी, तसं म्हटलं तर हो, सकाळी जरा चिडले पण त्याला कारण होतं. असल्या उत्तरावर काहीच बांधता येत नाही. नेम असा पाहिजे की रात्री हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल आणि तो पाळणं पूर्णपणे आपल्या हातात असेल, दुसऱ्याच्या वागण्यावर अवलंबून नसेल.

मी त्यासाठी आधी दोन दिवस नुसतं बघितलं. पावणेआठला मी घरी येते, एका खांद्यावर पर्स, हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात स्टेशनबाहेरून घेतलेली भाजी. चपला रॅकमध्ये ठेवतानाच सुरू, होमवर्क झाला का, दप्तर पॅसेजमध्ये कोणी टाकलं, बाटली बेसिनला का नाही ठेवलीस, आजीला औषध दिलंस का, मॅडमनी पेपर दिले का. दारापासून किचनपर्यंत सात प्रश्न मोजले मी एका दिवशी, आणि त्या सातपैकी एकाचंही उत्तर मी नीट थांबून ऐकलं नव्हतं. म्हणजे राग वगैरे मोठा शब्द बाजूलाच राहिला, नेमकी जागा सापडली, दार ते किचन. मग नेम ठरला: घरात पाऊल ठेवल्यापासून दहा मिनिटं कुणालाही एकही प्रश्न विचारायचा नाही. एवढंच. अकराव्या मिनिटाला चिडले तरी त्या दिवशी नेम पाळला असं धरायचं.

तुमचं दुखणं वेगळं असेल तर त्याचंही असंच करता येतं. खर्च कमी करायचा म्हणण्यापेक्षा रोज रात्री भांडी आवरली की दिवसभराचे यूपीआयचे खर्च वहीत लिहायचे. वाचन वाढवायचं असेल तर सकाळी चहा गॅसवर ठेवला की एक पान. गावाकडच्या आईवडिलांशी बोलणं होत नसेल तर बस स्टॉपला उभं राहिलं की एक फोन, दोन मिनिटांचा का होईना. इंग्लिश बोलायची भीती असेल तर ऑफिसच्या मीटिंगमध्ये इंग्लिशमधून एक वाक्य, एकच, आधी कागदावर लिहून नेलं तरी चालेल.

आणि "नाही करायचं" असा नेम असेल तर त्याजागी काय करायचं ते पण ठरवा. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. पहिले दोन दिवस मी तोंड मिटून घरात नुसती फिरत होते आणि नवऱ्याला वाटलं मी कशावरून तरी रुसलेय. मग मी त्या दहा मिनिटांना काम दिलं: हातपाय धुवायचे, पाणी प्यायचं, डबे धुवायला टाकायचे आणि मग मुलगा जिथे असेल तिथे जाऊन शेजारी बसायचं. नुसतं बसायचं. पहिल्या आठवड्यात तो पण गोंधळला होता, वहीतून मान वर करून बघायचा.

तिसरं, नेम कशाला तरी बांधा. आजीचा चहा झाला की कापूस, असं होतं ना, चहा काही चुकत नाही म्हणून कापूसही चुकत नव्हता. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये यावर लिहिलंय की नुसतं "मी हे करीन" यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं ठरवणाऱ्यांकडून ते काम होण्याची शक्यता बरीच जास्त असते, कारण मग त्या क्षणी वेगळा विचार करावा लागत नाही, ती खूण दिसली की आठवतं. मोबाइलवरचा रिमाइंडर माझ्या बाबतीत चालला नाही, दोन-चार दिवसांनी हात आपोआप तो बंद करतो. खूण अशी निवडा जी तुमच्या अंगाला लागते, हाताला लागते. माझी खूण चपला काढणं ही होती. पायातून चप्पल निघाली की तोंड बंद.

चौथं, नेम छोटा पाहिजे, पण किती छोटा? मी असं मोजते की तुमच्या सगळ्यात वाईट दिवशी तो होतो का बघा. त्या जुलैत एकदा पावसाने गाड्या रखडल्या, मी रात्री साडेदहाला डोंबिवलीला उतरले, साडी गुडघ्यापर्यंत ओली, डोकं ठणकत होतं. त्या दिवशीही दहा मिनिटं प्रश्न न विचारणं जमलं कारण त्यात करायचं काही नव्हतंच. याच्या उलट झालं ते सूर्यनमस्कारांचं. मी कार्तिकीनंतर जोशात येऊन रोज बारा नमस्कार ठरवले, पहिले चार दिवस छान वाटलं, सहाव्या दिवशी मनगट दुखायला लागलं, नवव्या दिवशी बंद. मग रथसप्तमीला, २०२४ ची १६ फेब्रुवारीला होती, परत धरला पण अंघोळीआधी तीन नमस्कार, आणि पाडव्यापर्यंत, म्हणजे ५३ दिवस. तीन नमस्कारांना पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. कधीकधी तीन झाल्यावर आणखी दोन घालावेसे वाटायचे पण मी आजीसारखी उठायचे. आज पुरे म्हणून उठलं की उद्या परत करावंसं वाटतं, आणि दमून उठलं की उद्याच्या दिवसाची धास्ती वाटते, हा माझा अनुभव आहे. पाडव्यानंतर पाच केले, आता बारा होतात आणि मनगट दुखत नाही.

पाचवी गोष्ट मुदत. सगळीकडे ऐकू येतं की २१ दिवसांत सवय लागते. ते आलं कुठून तर मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या लिखाणातून, त्याने बघितलं होतं की पेशंटला बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. कमीत कमी! पुढे लोकांनी तो शब्द गाळला. खरा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी केला, ९६ माणसं, १२ आठवडे, प्रत्येकाने एकच सवय निवडलेली, जेवणाबरोबर पाणी पिणं, फळ खाणं, व्यायाम अशी काहीतरी. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं निघालं, पण माणसामाणसात फरक केवढा, १८ पासून २५४ पर्यंत. म्हणून तुमची २१ दिवसांत सवय लागली नाही तर तुमच्यात काही कमी आहे असं कृपा करून समजू नका, कितीतरी जण एवढ्यावरूनच सोडून देतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. माझा दाराचा नेम मला न आठवता व्हायला अडीच महिने लागले, गणपती जवळ आले होते तोपर्यंत. आता विचार करते तर चातुर्मासाची चार महिन्यांची मुदत किती योग्य आहे असं वाटतं, सवय लागायला पुरेशी आणि तरी शेवट दिसतो. शेवट दिसणं फार महत्त्वाचं आहे. "आयुष्यभर गोड खाणार नाही" म्हटलं की पहिल्याच दिवशी दम लागतो, "कार्तिकीपर्यंत" म्हटलं की माणूस निभावतो.

हिशोब ठेवायला ॲप वगैरे काही नको. आमच्या किचनच्या भिंतीवर कालनिर्णय आहे, त्यावर दुधाचा खाडा लिहितो, सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो, त्याच चौकोनात नेमाची खूण. फ्रँकलिन चुकलं की काळा ठिपका काढायचा, मला ते पटत नाही, दिवस पाळला की खूण केलेली बरी, डोळ्यांना जे केलंय ते दिसतं. आणि शक्य असेल तर ती खूण दुसऱ्याच्या हातात द्या. आमच्याकडे मुलगा करायचा, हिरव्या स्केचपेनने, आणि तो कडक होता. एकदा मी फक्त "जेवलास का" विचारलं होतं सातव्या मिनिटाला, त्याने खूण केली नाही. बरोबरच होतं त्याचं.

आता खाड्याबद्दल. खाडा पडणारच, तो धरूनच चाला. २०२३ चा चातुर्मास २९ जूनपासून २३ नोव्हेंबरपर्यंत, १४७ दिवसांचा, त्यात माझे १९ खाडे आहेत. मी एकच नियम ठेवला होता की लागोपाठ दोन पडू द्यायचे नाहीत, आणि तोही एकदा मोडला, घरात आजारपण होतं तेव्हा, तीन दिवस. चौथ्या दिवशी परत चपला काढल्या आणि गप्प बसले. त्या लंडनच्या अभ्यासातही हेच दिसलं की एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात विशेष फरक पडत नाही. खरा घात होतो तो खाड्याच्या दुसऱ्या दिवशी, कारण आपण म्हणतो की आता मोडलाच आहे तर राहू दे. आणि मोजणीचा नेम असेल, पानं, पैसे, किलोमीटर, तर राहिलेलं दुसऱ्या दिवशी डबल करायचं नाही. आजीला मध्ये ताप आला होता, तीन-चार दिवस वाती झाल्या नाहीत. उठल्यावर तिने माझ्याकडून हिशोब करून घेतला, राहिलेल्या वाती उरलेल्या सगळ्या दिवसांत वाटल्या, रोज तीस-चाळीस जास्त. माझा पहिला खरा भागाकार तो.

मध्येच एक मोह होतो, त्याबद्दल सावध राहा. पंधरा-वीस दिवस नीट गेले की वाटतं अरे हे तर जमतंय, अजून एक धरू. नका धरू. माझे जे दोन नेम सुटले त्यातला एक असाच सुटला, रात्री मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला लावायचा हा नेम चालू असताना मी त्यावर पहाटे पाचला उठायचं पण घातलं, आणि मोबाइल हॉलमध्ये म्हणजे अलार्म पण हॉलमध्ये, तो ऐकू येईना म्हणून मोबाइल परत उशीशी आला आणि दोन्ही बुडाले. नंतर साधं गजराचं घड्याळ आणलं आणि फक्त मोबाइलचा नेम परत धरला, तो टिकला. पाचला उठणं अजून व्हायचंय.

शेवटी उद्यापन. हे लोक विसरतात. नेमाची तारीख संपली की त्या दिवशी शांत बसून ठरवायचं की आता हे असंच चालू ठेवायचं, थोडं वाढवायचं, की सोडायचं. सोडलं तरी चालतं, मुदत पूर्ण केलेली आहे. आणि ज्याला सुरुवातीला विचारलं त्यालाच परत विचारायचं. कार्तिकीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, मी मुलाच्या आवडीची बटाट्याची भाजी आणि पुऱ्या केल्या आणि परत तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "संध्याकाळचं आता चांगलं आहे, पण रविवारी सकाळी तू तशीच असतेस." झालं, पुढचा नेम आयता मिळाला. रविवारी नाश्ता होईपर्यंत अभ्यासाचा विषय काढायचा नाही.

आषाढीची वाट बघायची गरज नाही बरं का. श्रावण महिना आहे, मार्गशीर्षातले गुरुवार आहेत, पहिल्यांदाच करणाऱ्याला चार-पाच गुरुवारांचा नेम सगळ्यात सोपा. देवाधर्माचं काही नको असेल तर पगार ते पगार धरा किंवा शाळेची एक टर्म. माझी गोव्याची एक कलीग लेंटमध्ये, म्हणजे ख्रिश्चनांच्या ईस्टरआधीच्या उपासांच्या काळात, ४० दिवस गोड सोडते, ऑफिसात वाढदिवसाचा केक आला की हसून प्लेट पुढे सरकवते, तिचं आणि आजीचं मला अगदी एकच वाटतं.

आज रात्री एवढंच करा. घरातल्या एकाला विचारा, त्याचं उत्तर मध्ये न बोलता ऐका, दोन-तीन दिवस ती गोष्ट नेमकी कुठे आणि कधी होते ते बघा, आणि मग कॅलेंडरच्या पानावर एका ओळीत लिहा, कधीपासून कधीपर्यंत, काय झालं की, काय करायचं, किती. आमच्या भिंतीवर सध्या सासूबाईंच्या अक्षरात एक ओळ आहे, कारण या वेळी मी त्यांना विचारलं होतं: पौर्णिमा ते पौर्णिमा, रात्रीचं जेवण झालं की, आईंजवळ दहा मिनिटं, मोबाइल आत ठेवून.